आगमनकाळाचे चार रविवार : एका दानपरंपरेची ओळख

धर्मादाय रुग्णालय देणगीदारांच्या आधारावर चालते, हे आमच्या अहवालाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु देणगी कोणत्या विचाराने दिली जाते, ती कशी गोळा होते आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचताना तिचे काय होते, हे जमाखर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. या अहवालात म्हणूनच एका दानपरंपरेची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे. नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत, म्हणजे ज्यास ख्रिस्ती बांधव ‘आगमनकाळ’ म्हणतात त्या काळात, ख्रिस्ती मंडळ्या जे दान करतात व जी सेवा करतात, ती ही परंपरा होय.

आमच्या रुग्णालयात सर्व धर्मांचे रुग्ण येतात व सर्व धर्मांचे दाते हातभार लावतात. रमजानमधील जकात, चातुर्मासातील अन्नदान, पर्युषणातील दान, गुरुद्वारातील लंगर, या सर्वांतून दुःखिताकडे जाणारी वाट निघते. आगमनकाळाचा विचार येथे स्वतंत्रपणे करण्याचे कारण असे की, दान एका दिवसाचे न ठेवता ते दिवसादिवसाने, आठवड्याआठवड्याने आणि सर्वांच्या सहभागाने कसे साठवावे, याचा एक रेखीव नमुना त्यात पाहावयास मिळतो. रुग्णालयास गरज असते ती नेमकी अशाच दानाची.

आगमनकाळ म्हणजे काय

नाताळ, म्हणजे २५ डिसेंबर रोजी साजरी होणारी ख्रिस्तजयंती, सर्वांस परिचित आहे. तिच्या आधीचा काळ मात्र ख्रिस्तेतरांस सहसा ठाऊक नसतो. पाश्चात्त्य परंपरेतील चर्चमध्ये नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळास प्रारंभ होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे आगमनकाळ कमीत कमी २२ व जास्तीत जास्त २८ दिवसांचा असतो. चर्चच्या धार्मिक वर्षाचा आरंभही याच दिवसापासून मानला जातो.

हा काळ उत्सवाचा नसून प्रतीक्षेचा आहे. अनेक चर्चमध्ये या दिवसांत जांभळ्या रंगाची वस्त्रे वापरतात. हा रंग संयमाचा व पश्चात्तापाचा मानला जातो. तिसऱ्या रविवारी आनंदाची चाहूल म्हणून गुलाबी रंग येतो. हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवून दर रविवारी एक अधिक पेटविण्याची प्रथा आता जगभर रूढ आहे. अनेक मंडळ्यांत या चार मेणबत्त्यांस आशा, शांती, आनंद व प्रीती अशी नावे आहेत. केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजात डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून नाताळापर्यंत पंचवीस दिवसांचे व्रत पाळतात व त्या दिवसांत अनेक कुटुंबे मांस-मासे वर्ज्य करतात.

मराठी ख्रिस्ती समाजात एका चर्चच्या सभासदांच्या समुदायास ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आगमनकाळातील दानाचा कर्ता एखादा धनिक नसून ही मंडळी असते. तीत पेन्शनर असतात, शाळकरी मुले असतात, शेतमजूर व घरकाम करणाऱ्या स्त्रियाही असतात. प्रत्येकाचे देणे लहान असते, पण ते एकत्र होते व मंडळीच्या नावाने बाहेर पडते.

उपवासातून निघालेले दान

आगमनकाळाचा दानाशी असलेला संबंध फार जुना आहे. पाचव्या शतकात रोमचे धर्माध्यक्ष असलेल्या थोर लिओ यांची डिसेंबरमधील उपवासावरील प्रवचने आजही उपलब्ध आहेत. स्वतःच्या ताटातून जे वाचविले ते गरिबाच्या ताटात पडले पाहिजे, नाहीतर उपवासास अर्थ नाही, असा त्यांचा एकंदर आशय आहे. उपवास हे येथे दानाचे साधन झाले. ज्याच्यापाशी देण्यासारखे फारसे काही नाही, त्यासही एका जेवणाचा भाग देता येतो, हे त्या शिकवणीचे मर्म.

त्याच शतकात फ्रान्समधील तूर या नगरीचे धर्माध्यक्ष पर्पेच्युअस यांनी ११ नोव्हेंबर, म्हणजे संत मार्टिन यांच्या स्मृतिदिनापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला होता. संत मार्टिन मूळचे रोमन सैनिक. आमिआँ नगरीच्या वेशीपाशी थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास पाहून त्यांनी आपला झगा तलवारीने दुभंगून अर्धा त्यास दिला, अशी त्यांची कथा प्रसिद्ध आहे. पूर्ण झगा न देता अर्धा दिला, यात कृपणता नाही. दाता व याचक या दोघांनाही थंडी वाजते, हे त्यात मान्य केलेले आहे.

आगमनकाळात ६ डिसेंबर रोजी येणारा दुसरा स्मृतिदिन संत निकोलस यांचा. आज नाताळबाबा म्हणून जी मूर्ती बालकांच्या मनात असते, तिचे मूळ या चौथ्या शतकातील धर्माध्यक्षांपर्यंत जाते. त्यांच्याविषयीच्या आख्यायिकेत एका निर्धन पित्याच्या तीन मुलींच्या विवाहासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून मोहरांच्या थैल्या टाकल्या असे सांगितले जाते. या कथेत रक्कम किती होती यास महत्त्व नाही. ती रात्री व गुपचूप दिली, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली गेली नाही, यास महत्त्व आहे. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, ही बायबलमधील शिकवण सर्वपरिचित आहे. आपल्याकडील गुप्तदानाची कल्पनाही याहून निराळी नाही.

हॅम्बुर्गमधील गाडीचे चाक

आज दिसणाऱ्या आगमनचक्राची कथा ही एका अनाथाश्रमाची कथा आहे. जर्मनीतील हॅम्बुर्गनजीक योहान हिनरिख विखर्न या तरुण धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था सुरू केली. शहरातील वस्त्यांमधून रस्त्यावर आलेल्या, उपाशी व दुर्लक्षित मुलांसाठी ती होती. मुलांस कोंडून न ठेवता दहाबारा मुलांचे एक कुटुंब करावे व प्रत्येक कुटुंबास एक मोठा भाऊ द्यावा, अशी तेथील पद्धत होती.

आगमनकाळात ही मुले रोज विचारीत, नाताळ कधी येणार? असे सांगतात की, या प्रश्नास उत्तर म्हणून विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या. आठवड्यातील दिवसांसाठी लहान तांबड्या व रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. रोज एक मेणबत्ती पेटे व प्रकाश वाढत जाई. ज्या मुलांच्या वाट्यास आयुष्यात मोडलेली वचनेच आली होती, त्यांस दिवस मोजण्याचा व दिलेला दिवस खरोखरच उगवतो हे पाहण्याचा अनुभव या चाकाने दिला. पुढे चाकाची जागा हिरव्या फांद्यांच्या चक्राने घेतली, मेणबत्त्या चारच राहिल्या आणि ही प्रथा घरोघरी गेली. चर्चच्या वेदीवर ती मागाहून आली, गरीब मुलांच्या घरात ती प्रथम होती, ही गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

विखर्न यांनी १८४८ मध्ये विटेनबर्ग येथील सभेत चर्चने गरिबांच्या सेवेस आपले अंगीकृत कार्य मानावे असे आवाहन केले. त्यातून जर्मनीतील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या संघटित समाजसेवेस चालना मिळाली. त्या सेवेचा वारसा पुढे रुग्णालये, वृद्धाश्रम व परिचर्या केंद्रे यांच्या मोठ्या जाळ्यात विस्तारला.

एक निर्धन मंडळी व परिचर्येचा उगम

याच काळातील दुसरे उदाहरण आमच्या क्षेत्राशी अधिक जवळचे आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या कैझरस्वेर्थ या गावी थिओडोर फ्लीडनर हे १८२२ मध्ये पाळक म्हणून रुजू झाले. गावातील कारखाना बुडाल्यामुळे त्यांची लहानशी मंडळी उद्ध्वस्त होण्याच्या बेतात होती. मंडळी जगविण्यासाठी फ्लीडनर यांनी हॉलंड व इंग्लंड येथे जाऊन तेथील मंडळ्यांकडे वर्गणी मागितली. त्या प्रवासात त्यांनी तुरुंगातील व रुग्णांची सेवा करणाऱ्या व्यक्तींचे कार्य पाहिले. निधीसाठी गेलेला हा पाळक निधीबरोबर एक कल्पनाही घेऊन परतला.

१८३६ मध्ये त्यांनी कैझरस्वेर्थ येथे रुग्णालय व परिचारिकांच्या प्रशिक्षणाची संस्था सुरू केली. सेवाव्रती स्त्रियांस तेथे रुग्णपरिचर्येचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये सुमारे तीन महिने येथेच शिक्षण घेतले. आधुनिक परिचर्येच्या इतिहासात या गावाचे नाव त्यामुळे कायमचे कोरले गेले. परक्या देशांतील अनोळखी मंडळ्यांनी दिलेल्या वर्गणीचा प्रवास अखेर कोठवर गेला, हे ती देणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

रस्त्यावरील पातेले

आगमनकाळातील दान चर्चच्या दाराबाहेर नेण्याचे श्रेय मुक्तिफौजेकडे जाते. १८९१ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मुक्तिफौजेचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांस शहरातील गरिबांस नाताळचे जेवण द्यावयाचे होते, पण हाती पैसा नव्हता. त्यांनी बोटीच्या धक्क्यापाशी एक पातेले टांगले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस त्यात नाणी टाकण्याचे आवाहन केले. पैसा जमला व जेवण झाले. काही वर्षांतच ही प्रथा अमेरिकेतील अनेक शहरांत पसरली. ज्या पातेल्यात अन्न शिजते तेच दानपात्र व्हावे, यातून दानाचा हेतू कोणासही न सांगता कळतो. याच मुक्तिफौजेने १८८२ मध्ये मुंबईत भारतातील कार्यास प्रारंभ केला होता. पुढे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे तिचे रुग्णालयही उभे राहिले.

विसाव्या शतकात या दानाने देशांच्या सीमा ओलांडल्या. जर्मनीतील प्रोटेस्टंट मंडळ्यांनी १९५९ च्या आगमनकाळात ‘ब्रोट फ्यूर डी वेल्ट’, म्हणजे ‘जगासाठी भाकरी’, हे अभियान सुरू केले. पुढे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्याचा प्रारंभ करण्याची रीत पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या देशाने परदेशांतून आलेल्या अन्नाच्या पेट्यांवर दिवस काढले, त्याच देशातील मंडळ्यांनी अवघ्या दीड दशकात इतरांच्या भुकेसाठी हात पुढे केला. घेतलेल्याची आठवण देण्यात प्रकट झाली.

अलीकडे इंग्लंडमधील मंडळ्यांत आगमन-दिनदर्शिकेची एक उलटी रीत दिसून येते. मूळ दिनदर्शिकेत मुले रोज एक खिडकी उघडून आतील चित्र किंवा चॉकलेट घेतात. उलट्या दिनदर्शिकेत कुटुंब रोज एक वस्तू, जसे डाळीचे पाकीट, साबण किंवा डब्यातील अन्न, एका खोक्यात ठेवते व ते खोके गरजूंसाठीच्या अन्नपेढीकडे पोहोचविले जाते. एके दिवशी चोवीस वस्तू विकत घेणे सोपे आहे. रोज एक वस्तू ठेवावयाची तर गरजूची आठवण रोज होते.

आपल्या भूमीत

महाराष्ट्रात या परंपरेची मुळे दोन शतकांची आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. वसईच्या कॅथलिक समाजाचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे. मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय दक्षिण महाराष्ट्रातील व कर्नाटकातील असंख्य रुग्णांचे आशास्थान ठरले. अशा मिशन रुग्णालयांसाठी परदेशातील मंडळ्यांमधील स्त्रिया जुन्या चादरी फाडून, त्यांच्या पट्ट्या गुंडाळून पाठवीत असत. कोणा अनोळखी गृहिणीने समुद्रापलीकडे बसून गुंडाळलेली पट्टी येथील एखाद्या शेतकऱ्याच्या जखमेवर बांधली जाई. दानाचे याहून बोलके उदाहरण आम्हांस आठवत नाही.

आज गावोगावच्या मराठी मंडळ्यांत आगमनकाळी गीतगायनाच्या फेऱ्या निघतात. तरुण मंडळी रात्री घरोघरी जाऊन नाताळची गीते गातात, घरमालक त्यांस चहाफराळ व अर्पण देतो आणि त्या अर्पणाचा काही भाग अनेक ठिकाणी गरजूंच्या मदतीस जातो. महिलामंडळे कपडे व ब्लँकेट गोळा करतात. शब्बाथशाळेतील मुले डब्यांत नाणी साठवितात. पाळक व मंडळीचे पंच रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत व कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत भेटीस जातात. कॅथलिक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे सभासद गरजू कुटुंबांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन मदत करतात. ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदरिक ओझानाम व त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी स्थापिली. मदत पाठवू नये, ती घेऊन स्वतः जावे, हा तिचा नियम आजही पाळला जातो.

ईशान्येकडील मिझोराममध्ये १९१० च्या सुमारास सुरू झालेली ‘बुहफाई थाम’ ही प्रथा आगमनकाळापुरती नाही, तथापि तिचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. घरातील स्त्री प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूस काढते. मराठी वाचकांस यावरून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या मुष्टिफंडाची आठवण व्हावी. मूठ मूठ धान्यावर गरीब विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. तळेगावचा काचकारखानाही एक-एक पैशाच्या वर्गणीतूनच उभा राहिला होता. थोडे, पण सर्वांचे व नेमाने, हे सूत्र धर्माधर्मांत भेद करीत नाही.

रुग्णालयास काय हवे असते

आता या परंपरेचा विचार आमच्या बाजूने करू. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांस सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ अन्वये निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांवर उपचार करण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये निश्चित केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते.

या योजनेने असंख्य रुग्णांस आधार दिला आहे. परंतु निर्धन रुग्णाची अडचण रुग्णालयाच्या बिलापाशी संपत नाही. सोबतच्या नातेवाइकाचे जेवण, गावाकडून येण्याजाण्याचे एस.टी.चे भाडे, बुडालेली रोजंदारी, घरी गेल्यावर महिनोन्‌महिने घ्यावयाची औषधे, हा खर्च कोणत्याही बिलात नसतो. मूत्रपिंडाच्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी यावे लागते. डायलिसिस विनामूल्य असूनही प्रवासखर्चाअभावी एखादी फेरी चुकली, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. उपचार अर्ध्यावर सोडणारा रुग्ण बहुधा उपचारांस कंटाळलेला नसतो. त्याच्या खिशातील पैसे संपलेले असतात. आमच्या वैद्यकीय समाजसेवकांचा बराचसा वेळ याच लहान लहान रकमांची तजवीज करण्यात जातो.

आगमनकाळातील दानाची रीत येथे किती उपयोगी पडते, हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण रक्ताचे. दात्याच्या रक्तापासून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट सामान्यतः पाच दिवसच टिकतात व तांबड्या पेशी सुमारे पाच ते सहा आठवडे. एखाद्या मंडळीतील शंभर दात्यांनी नाताळच्या आदल्या दिवशी एकदम रक्तदान केले, तर प्लेटलेटचा मोठा भाग वापराविना वाया जाण्याची भीती असते. तेच दाते चार रविवारी पंचवीस-पंचवीस या संख्येने आले, तर चार आठवडे रुग्णांची सोय होते. दाते तेच आणि रक्तही तेच, परंतु विभागणीमुळे त्याचा उपयोग कितीतरी वाढतो. चक्रातील चार मेणबत्त्या एकदम पेटवीत नाहीत, याचा व्यावहारिक अर्थ रक्तपेढीत असा उमगतो.

दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. या रोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. पोषणासाठी मिळणारे मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १००० रुपये करण्यात आले. तरीही घरातील इतरांच्या ताटाचा प्रश्न राहतो. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, क्षयरुग्णाच्या कुटुंबीयांस दरमहा शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. धान्याची पिशवी येथे औषधाइतकीच मोलाची ठरते. शासनाच्या ‘नि-क्षय मित्र’ योजनेत २०२२ पासून व्यक्ती किंवा संस्था क्षयरुग्णाच्या पोषणाचा भार किमान सहा महिने उचलू शकतात. आगमनकाळात अशी जबाबदारी स्वीकारली, तर ती जूनच्या आसपास पूर्ण होते. नाताळ सरला तरी दान सुरू राहते.

तिसरे उदाहरण फळवाटपाचे. सणानिमित्त रुग्णांस फळे व मिठाई वाटण्याची रीत सर्वच समाजांत आहे व तिच्यामागील भावना निर्मळ आहे. परंतु केळी, संत्री व नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात ते साचून हृदयक्रिया बिघडण्याचा धोका असतो. मधुमेही रुग्णास केकचा तुकडा अपायकारक ठरू शकतो. म्हणून आमची विनंती अशी की, वाटपापूर्वी आमच्या आहारतज्ज्ञांस विचारावे. रुग्णास काय चालेल हे विचारून दिलेला लहान वाडगाभर पदार्थ, न विचारता दिलेल्या करंडीपेक्षा अधिक प्रेमाचा असतो.

घेणाऱ्याचा मान

दानाचा विचार दात्याच्या बाजूने पुष्कळ होतो, घेणाऱ्याच्या बाजूने क्वचितच. रुग्णशय्येवरील माणूस आधीच परावलंबी झालेला असतो. अंगावरील कपडे स्वतःचे नसतात, उठण्याबसण्यास दुसऱ्याचा हात लागतो. अशा वेळी ब्लँकेट देताना त्याचे छायाचित्र काढले, तर ऊब मिळते पण मान जातो. मुले व स्त्रिया यांच्याबाबत तर हा संकोच अधिकच असतो. म्हणून रुग्णाच्या लेखी संमतीविना छायाचित्र घेऊ नये व ते वृत्तपत्रात किंवा मोबाइलवर प्रसृत करू नये, असे आमचे सर्व दात्यांस सांगणे आहे. संत निकोलस यांची अंधारातील थैली येथे मार्गदर्शक ठरावी.

याच ओघात आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. दानास कोणतीही अट जोडलेली नसावी. असहाय रुग्णाने मदतीच्या मोबदल्यात काही ऐकावे, मान्य करावे किंवा कृतज्ञतेचे शब्द उच्चारावेत, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे, मग दाता कोणत्याही धर्माचा वा पक्षाचा असो. आगमनकाळाची जुनी शिकवण याच दिशेने जाते. गोठ्यात जन्मलेल्या व निवाऱ्यासाठी दारोदार फिरलेल्या कुटुंबाची कथा ज्यांच्या सणाच्या केंद्रस्थानी आहे, त्यांनी दाराशी आलेल्यास तू कोण, असे विचारावयाचे नसते.

भेटीस येणाऱ्या मंडळींनी वस्तू आणल्याच पाहिजेत असेही नाही. दीर्घकाळ दाखल असलेल्या कित्येक रुग्णांस भेटावयास कोणीच येत नाही. त्यांच्याजवळ पंधरा मिनिटे बसून गावाकडच्या पावसापाण्याची विचारपूस करणे, निरक्षर रुग्णाचा अर्ज भरून देणे, थकलेल्या नातेवाइकास तासभर झोपता यावे म्हणून त्याच्या जागी बसणे, या सेवेची पावती आम्ही देऊ शकत नाही. परंतु तिची नोंद परिचारिकांच्या मनात निश्चित राहते.

समारोप

डिसेंबर महिन्यात रुग्णालयाकडे जेवढी पावले वळतात, तेवढी मार्च-एप्रिलमध्ये वळत नाहीत. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद असतात, त्यामुळे रक्तदाते कमी होतात. पावसाळ्यात डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढतात व रक्तघटकांची मागणीही वाढते. आजार पंचांग पाहून येत नाही. म्हणून आगमनकाळातील दानापासून आम्ही घेतलेला बोध असा की, सणाने दानाचा आरंभ करून द्यावा आणि नेमाने ते पुढे चालवावे. थोर लिओ यांच्या काळातील उपवासकऱ्याने ताटातील घास वाचविला, हॅम्बुर्गच्या मुलांनी एकेक मेणबत्ती मोजली, मिझो गृहिणी मूठभर तांदूळ बाजूस काढते. या सर्वांत देण्याची सवय लागते, आणि ज्यास सवय लागली त्यास वेगळे आवाहन करावे लागत नाही.

ज्या मंडळ्या, धर्मग्राम, महिलामंडळे व तरुणसंघ आगमनकाळात आमच्याकडे येतात, त्यांचे आम्ही अंतःकरणपूर्वक ऋणी आहोत. त्यांस व सर्वच धर्मांच्या दात्यांस आमची नम्र विनंती की, येण्यापूर्वी आमच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाशी बोलावे, कोणत्या रुग्णास कशाची निकड आहे ते जाणून घ्यावे व शक्य तर आपले साहाय्य वर्षभरातील महिन्यांत विभागून द्यावे. दरमहा दिलेली अल्प रक्कम आम्हांस एखाद्या रुग्णास निश्चिंतपणे सांगू देते की, पुढच्या आठवड्यातही या, तुमच्या भाड्याची सोय झालेली आहे. हे वाक्य ज्यास ऐकावयास मिळते, तो रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडत नाही.